एकास सत्त्याऐंशी

२६१ ला ८७ ने भागलं की बरोबर ३ येतात, बाकी शून्य. यात हुरळून जाण्यासारखं काय आहे, असं तुम्हाला वाटेल. आमच्या गल्लीतल्या सरांना मात्र हा भागाकार सुटला त्या रात्री झोप लागली नाही. अहिल्यानगर-बीड-परळी रेल्वेमार्ग २६१ किलोमीटरचा. आणि चिमुकल्या रेल्वेगाड्यांचा नाद असलेली जगभरची माणसं ज्या प्रमाणात गाड्या करतात त्यातलं सगळ्यात चलनी प्रमाण म्हणजे एकास ८७, ज्याला ती मंडळी 'एचओ' म्हणतात. म्हणजे सबंध मार्ग जसाच्या तसा लहान केला तर नेमका ३ किलोमीटर. "दशांश चिन्हसुद्धा नाही ओ!" सर मला सकाळी सकाळी गाठून म्हणाले. "रेल्वे बोर्डात कुणीतरी आपल्यातला असणार बघा."

सरांची गच्चीवरची खोली बारा बाय चौदा. भिंतीला धरून एक फेरा मारला तर चौदा मीटर रूळ बसतात. उरलेल्या दोन हजार नऊशे शहाऐंशी मीटरचं काय करायचं, हा त्यांच्या मते तपशिलाचा प्रश्न होता. शेवटी त्यांनी रेल्वे मंत्रालयाला कधी सुचला नाही असा तोडगा काढला : मधली अंतरं रद्द. नारायणडोह संपलं की लगेच सोलापूरवाडी, सोलापूरवाडी संपायच्या आत न्यू धानोरा, आणि कडा-आष्टी तर एकमेकांच्या मांडीवर.

सर पेशाने गणिताचे मास्तर आणि पिंडाने रेल्वेतले. गल्ली त्यांना स्टेशनमास्तर म्हणते. बीडला गाडी यायच्या आधी कित्येक वर्षं गावात तेवढे एकच स्टेशनमास्तर होते आणि तेही बिनपगारी.

छोट्या गाड्यांच्या नादिष्टांची ही जात पुण्या-मुंबईला तुरळक का होईना, पण आढळते. कोथरूडला भाऊ जोशींनी हयातभर जमवलेल्या छोट्या गाड्यांचं संग्रहालय १९९८ साली सुरू झालं, तिथे शनिवार-रविवारी आई-बाप मुलांना घेऊन जातात आणि बापच बाहेर निघत नाहीत. पण पुण्याचा शौकीन लहानपणी पाहिलेली गाडी छोटी करतो. बीडच्या शौकिनाची पंचाईत अशी की त्याने आलीच नव्हती ती गाडी छोटी केली. जिल्ह्यात रेल्वे नव्हती असं नाही. परळीला निजामाच्या काळापासून आहे आणि परळीकर ते कुणाला विसरू देत नाहीत. पण जिल्ह्याच्या गावाला नव्हती. १९९५ साली मार्ग मंजूर झाला तेव्हा जन्मलेल्या पोरांची लग्नं होऊन त्यांची पोरं सरांकडे पाढे म्हणायला आली, तरी गाडी यायचीच होती. या अवधीत माणूस एकतर आंदोलनात जातो, नाहीतर प्लायवूड आणतो. सर आधी मोर्चात जाऊन आले, मग प्लायवूड आणलं.

खऱ्या मार्गाच्या खर्चाचा निम्मा वाटा राज्याने उचलायचा असं ठरलं होतं. सरांच्या घरीही तोच करार झाला. केंद्राचा वाटा सरांच्या पगारातून, राज्याचा वहिनींच्या भिशीतून. खऱ्या मार्गाचा साडेतीनशे कोटींच्या आसपासचा अंदाज वाढत वाढत काही हजार कोटींवर गेला, इकडे सरांचा पाच हजारांचा अंदाज किती झाला ते वहिनींना अजून कळलेलं नाही. जर्मनीच्या इंजिनाचा खोका घरी आला तेव्हा सरांनी तो मिक्सरचा म्हणून आत नेला. पुढे आठ दिवस वहिनी मिक्सर शोधत होत्या.

आता खडी. रूळ, स्टेशनं, डोंगर अशा सगळ्या मांडणीला ही मंडळी 'लेआउट' म्हणतात. लेआउटवाल्या माणसाला देवाबद्दल विचारलंत तर तो दोन वाक्यं बोलेल, खडीबद्दल विचारलंत तर जेवायला थांबावं लागेल. खऱ्या रुळाखालची खडी एकास ८७ मध्ये साबुदाण्याहूनही बारीक होते. सरांनी आधी वाळू वापरून पाहिली, ती चमकते म्हणून नापास. शेवटी क्रशरवरची कच आणली, धुतली, वाळवली आणि वहिनींच्या चहाच्या गाळणीतून गाळली. मग ती स्लीपरच्या मधे पसरायची, जुन्या टूथब्रशने सारखी करायची. एक कणही रुळाच्या आतल्या बाजूला चिकटला तर गाडी घसरणार. नंतर फेविकॉलमध्ये निम्मं पाणी घालायचं आणि त्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाकायचा. तो एक थेंब म्हणजे सगळी विद्या. साबण नसेल तर पाण्याचा गोळा होतो आणि कच घेऊन घरंगळतो, साबण असेल तर पाणी गुमान आत मुरतं. हे मिश्रण इंजेक्शनच्या सिरिंजने थेंब थेंब सोडायचं. हे सगळं करताना सर श्वास घेत नाहीत. पंखाही बंद असतो. मे महिन्यात, बीडमध्ये.

बालाघाटाचे डोंगर थर्माकोलचे, त्यावर मेडिकलमधल्या बँडेजच्या पट्ट्या आणि वर पीओपी. दुकानदाराने एकदा काळजीने विचारलं, "सर, घरात कुणाला लागलंय का?" सर म्हणाले, "आष्टीच्या घाटाला." आमच्या घरी चहा झाला की पत्ती बेसिनमध्ये जाते, सरांकडे ती वाळवून कडा स्टेशनाभोवतीचं काळं रान होते. स्पंजचे तुकडे हिरवे रंगवून सीताफळाची झाडं केलीत. बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन आहे, तेव्हा सरसकट 'झाड' करून चालत नाही. मला त्यांच्या कामात सगळ्यात आवडतो तो न्यू आष्टीचा फलाट. तिथे कोयते, बोचकी, पोरंबाळं घेऊन ऊसतोडीची एक टोळी उभी आहे. "यांना ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत नाही घातलं?" मी विचारलं. सर सांध्याची तार जोडत होते, मान वर न करता म्हणाले, "माझ्या लाईनीवर रिझर्वेशन आहे त्यांचं."

पण हे सगळं करायचं ते कशासाठी? फोटोसाठी. लेआउट पूर्ण करणं हा या माणसाचा हेतू कधीच नसतो, पूर्ण झाला तर उद्या फोटो कशाचा पाठवणार? फोटो काढायचा म्हणजे आधी खोलीची झडती. खिळ्यावरचा बनियन, कोपऱ्यातली गव्हाची कोठी, वाळत घातलेल्या कुरडया, सगळं चौकटीबाहेर. मग सर पालथे पडतात आणि मोबाइल उलटा धरतात. उलटा धरला की कॅमेरा खाली येतो, अगदी रुळांना टेकतो. एकास ८७ च्या जगात साडेपाच फुटी माणूस जेमतेम दोन सेंटिमीटरचा असतो, त्याच्या डोळ्यांना जे दिसेल तेच फोटोत दिसलं पाहिजे, हा त्यांचा आग्रह. वरून काढलेल्या फोटोला ते 'हेलिकॉप्टरवाल्याचा पाहणी दौरा' म्हणतात.

हे फोटो मग रात्री साडेअकराला सगळीकडे जातात. पहिल्यांदा कॉलनीच्या ग्रुपवर 'माझ्या लेआउटचे काही फोटो' एवढंच लिहून पाठवले, तर पाच मिनिटांत तीन उत्तरं आली : 'एनए आहे का?', 'गुंठा काय भाव?' आणि 'कॉर्नरचा शिल्लक आहे का सर?' नातेवाइकांच्या ग्रुपवर फुलांचा गुच्छ येतो, कारण तिथे कशालाही फुलांचा गुच्छच येतो.

खरी भीती असते ती बिरादरीची. महाराष्ट्रभर विखुरलेले हे दहाबारा जण एकमेकांना फोटो पाठवतात आणि एकमेकांना जगू देत नाहीत. तुम्ही सहा महिने खपून स्टेशन उभारावं आणि पुण्याहून एका ओळीचा अभिप्राय यावा, 'छान. पण रूळ अरुंद आहेत.' आणि दुर्दैव असं की ते खरं असतं. आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचा, ८७ ने भागला तर १९ च्या थोडा वर जातो. बाजारात मिळणारे एचओ रूळ साडेसोळा मिलिमीटरचे, कारण ते युरोप-अमेरिकेच्या १४३५ वर बेतलेले. म्हणजे बीडची गाडी बीडची दिसते, पण परक्या मापाच्या चपला घालून उभी असते. या पावणेतीन मिलिमीटरवर सर आणि पुणेकर यांच्यात वर्षभर अबोला होता. बार्शीकडच्या एका गृहस्थांना हा त्रास नाही. ते १८९७ साली सुरू झालेली बार्शी लाइट रेल्वे करतात, तिचा गेज ७६२ मिलिमीटर, भागून पावणेनऊ येतात आणि दुकानात नऊचे रूळ मिळतात. एवढ्या जमेवर ते सगळ्यांशी वरच्या पट्टीत बोलतात. त्यात ती लाईन आता ब्रॉडगेज झालेली, तेव्हा जुन्या गाडीच्या रंगावरून त्यांना खोडून काढणारंही कुणी उरलेलं नाही.

सरांच्या आयुष्यातला सगळ्यात यशस्वी फोटो मात्र बिरादरीने नाही, केजच्या मावशींनी गाजवला. संध्याकाळचा उजेड, बीड स्टेशनची पाटी, फलाटाला लागलेली गाडी. मावशींनी तो खरा समजून 'अखेर बीडला रेल्वे आली!!' असं लिहून पुढे ढकलला. दोन दिवसांत तो धारूर, माजलगाव, गेवराई करत सरांच्याच शाळेतल्या शिपायाकडून सरांना परत आला. त्यांना अनोळखी नंबरवरून फोनही आला : "साहेब, नगरला जायची गाडी कितीला आहे?" दुसरा कुणी असता तर खुलासा केला असता. सरांनी भिंतीवरचं वेळापत्रक बघून वेळ सांगितली.

आणि मग गाडी खरोखरच आली. १७ सप्टेंबर २०२५, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. मुख्यमंत्र्यांनी हिरवा झेंडा दाखवला, गर्दी मावेना, लोक डब्यांपुढे सेल्फी काढत होते, म्हाताऱ्या बाया इंजिनाला कुंकू लावत होत्या. अख्खं बीड वर बघत होतं आणि सर खाली. मोबाइल उलटा धरून ते फलाटाच्या कडेला रुळांकडे वाकले होते, एका पोलिसाने त्यांना दोनदा मागे ओढलं. मी विचारलं, "कसं वाटतंय सर?" ते जरा हिरमुसलेलेच होते. "फार कोरं वाटतंय हो. खडीवर तेलाचा डाग नाही, रुळाच्या कडेला गंज नाही. मी माझ्याकडे सगळा गंज लावून ठेवलाय. हे फोटोत खोटं दिसणार." तो फोटो त्यांनी बिरादरीला पाठवला. पुण्याहून अभिप्राय आला : 'छान. खडी जरा मोठी वाटते.' पुणेकरांनी तो सरांच्या गच्चीवरचा समजला होता. वर्षभराच्या अबोल्याचा सूड यापेक्षा गोड उगवता आला नसता.

पहिल्याच आठवड्यात सर नगरला जाऊन आले, कामाशिवाय. १६७ किलोमीटरला गाडी साडेपाच तास घेते, एवढ्या वेळात एसटी जाऊन परत येईल, अशी डब्यात सगळ्यांची कुरकुर चालली होती. सर खिडकीशी बसून वहीत आकडे मांडत होते. ताशी सरासरी तीस किलोमीटर, म्हणजे एकास ८७ मध्ये सेकंदाला दहा सेंटिमीटरला जरा कमी. येताना विघनवाडीच्या पुढे त्यांनी शेजारच्या माणसाचा हात धरला. "माझी गाडी अगदी एवढ्याच वेगाने चालते! रेग्युलेटर न बघता लावला होता मी!" त्या माणसाने राजुरीला जागा बदलली.

कुणी चेष्टेने म्हटलं, सर, आता खरी आली, तुमची भंगारात घाला, तर ते हॅम्बर्गचं उदाहरण देतात. तिथे ढीगभर खऱ्या गाड्या धावतात, तरी दोघा जुळ्या भावांनी २००१ साली 'मिनिआतूर वुंडरलँड' उघडलं आणि याच एचओ मापाचे पंधरा किलोमीटरवर रूळ टाकले. "म्हणजे नगर-बीड-परळी पाच वेळा!" ही पाच वेळा ते इतक्या पोटतिडकीने म्हणतात की जर्मन लोकांनी ती मुद्दाम मराठवाड्यासाठी टाकली असावीत.

बीडच्या पुढचा वडवणी-सिरसाळ्यावरून परळीला जायचा टप्पा बाकी आहे, तिकडे आणि इकडेही. इकडची अडचण भूसंपादनाची. सरांचं बीड स्टेशन दाराच्या अलीकडे येऊन थांबलंय. दाराला आडवा उचलता पूल टाकायला वहिनींची हरकत नाही, पण परळी येते ती पलीकडे, त्यांच्या शिलाई मशीनच्या जागी. जमिनीला चौपट मोबदला मिळतो हे मराठवाड्यात कुणाला सांगावं लागत नाही. वहिनींनी मशीनच्या जागेला टेप लावला आणि चारने गुणून जो आकडा सांगितला त्यात नगरपासून अंमळनेरपर्यंतचा मार्ग उखडला जात होता.

सरांनी खाजगी वाटाघाटी सोडून जनमत तयार करायचं ठरवलं. परवा रात्री साडेअकराला नातेवाइकांच्या ग्रुपवर मशीनचा फोटो आला, मोबाइल उलटा धरून काढलेला. पायडल एखाद्या पुलाच्या कमानीगत दिसत होतं, आणि खाली लिहिलं होतं, 'नियोजित परळी जंक्शन'. लगोलग फुलांचे सात गुच्छ आले. आठवा निरोप वहिनींचा होता, त्या ग्रुपवर त्यांनी पहिल्यांदाच काही लिहिलं होतं : 'हरकत नोंदवली आहे.'