तिसऱ्या बंदुकीचा हक्क

शस्त्र कायदा पूर्वी माणशी तीन बंदुकांना परवानगी देई. २०१९ च्या दुरुस्तीने त्या दोनवर आणल्या. वर लग्नात हौसेचा बार काढला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, नाहीतर दोन्ही. उमरग्यातल्या आमच्या परवानाधारक अण्णांना हा घोर अन्याय वाटतो आणि आमचा त्यांना जाहीर पाठिंबा आहे. एक कमरेला, एक गाडीत. मग वरातीत काय रिकाम्या हाताने नाचायचे? नवरदेवाची तरी काही इज्जत आहे की नाही?

अण्णांचा परवाना स्वसंरक्षणासाठी आहे. (उसातली रानडुकरे अजून त्यांना ओळखत नाहीत.) गेल्या निवडणुकीत आचारसंहिता लागली आणि हत्यारे पोलीस ठाण्यात जमा झाली. अण्णांनी ते सगळे दिवस निःशस्त्र काढले, तेही सोलापूर-हैदराबाद महामार्गाच्या कडेला. शत्रूंनी मात्र दगा दिला. एकही फिरकला नाही.

निकालानंतर हत्यारे घरी आली. त्याच संध्याकाळी अण्णांनी ठाण्यात अर्ज दिला : घरात मौल्यवान शस्त्रे असल्याने चोरीची भीती वाटते, तरी रात्रपाळीला एक हवालदार मिळावा. नुसती काठी असली तरी चालेल.