गेटवरचे भाऊ

नागझिऱ्यात वाघ दिसणं हे नशिबाचं काम. वाघ कोणाला दिसला हे ओळखणं मात्र भाऊंचं.

सकाळची फेरी संपवून जिप्सी चोरखमारा गेटकडे परतू लागल्या की भाऊ चहाच्या टपरीपाशी येऊन उभे राहतात. अंगात गाइडचा खाकी शर्ट, खांद्यावर दुपट्टा, गालात खर्रा. गाडी जवळ आली तरी ड्रायव्हरकडे ते ढुंकूनही बघत नाहीत, कारण ड्रायव्हरचा चेहरा सराईत असतो. भाऊ बघतात मागच्या सीटवर. "चारही जण एकाच कॅमेऱ्यात डोस्कं घालून बसले असन, तं पायला. हात हालवून गप्पा मारत असन, तं गवा पायला. अन बाई नवऱ्याकडं न पाहता झाडाकडं पाहून रायली असन, तं काहीच नाही पायलं, रिसॉर्टचं बिल आठवून रायली."

भाऊंचं नाव सांगण्यात अर्थ नाही. असा एक भाऊ पिटेझरीला असतो, मंगेझरीला असतो, जिथे जिथे गाइडांचे नंबर लागतात तिथे असतोच. शाळा फार झालेली नसते, पण कोणी कोणाला केव्हा काय सांगितलं आणि काय सांगितलं नाही, याची वही डोक्यात पाठ असते. गेल्या उन्हाळ्यात तलावाच्या वळणावर कोणाची गाडी उगाच दहा मिनिटं थांबली होती, हे ते तारखेनिशी सांगतात. स्वतःच्या मुलीच्या लग्नाची तारीख मात्र वहिनींना विचारावी लागते.

हा संशय स्वभावातला नाही, धंद्यातला आहे. नागझिरा अभयारण्य 1970 सालचं, सुमारे दीडशे चौरस किलोमीटरचं. 2013 मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला, फलक मोठे झाले. वाघ काही फलकांच्या वेगाने वाढले नाहीत. इथे जन्मलेला जय त्याच सुमारास उमरेड-कऱ्हांडल्याला निघून गेला, तिथे देशभर गाजला आणि 2016 मध्ये बेपत्ता झाला. भाऊंना ही गोष्ट अजून लागते: "पोरगा आमचा, नाव काढलं तिकडं." मे 2023 मध्ये ब्रह्मपुरीकडच्या जंगलातल्या दोन वाघिणी इथे आणून सोडल्या, पुढच्या वर्षी तिसरी आली. तरीही एकट्या गाडीने एवढं रान पालथं घालून वाघ शोधणं अवघडच. दुसऱ्या गाडीने "पाण्यावर आहे" असं सांगितलं तरच आपल्या पाहुण्यांचे पैसे वसूल. म्हणून अलिखित करार असा, की मी तुला सांगतो, तू मला सांग.

करार सोपा आहे, पण तो पाळला की मोडला हे दिसत नाही. ताडोब्यात एखाद्या गाइडला आठवडाभर वाघ दिसला नाही तर तो लपवतोय हे शेंबडं पोरही सांगेल. नागझिऱ्यात आठवडाभर वाघ न दिसणं हा निसर्गनियम आहे. "नाही दिसला जी" हे वाक्य इथे खरं असलं काय आणि खोटं असलं काय, ऐकायला अगदी सारखंच लागतं.

यावर उपाय म्हणून भाऊंनी सहकाऱ्यांची वर्गवारी केली आहे, तीही जंगलाच्याच कायद्याने. काही माणसं चितळ. चितळ बिबट्याला ओरडतं, रानकुत्र्यांना ओरडतं, कधी कधी वाळल्या पानालाही ओरडतं. अशा माणसाने "वाघ!" म्हटलं तर भाऊ गाडी वळवतात, पण गिअर न बदलता. काही माणसं सांबर. सांबर उगाच तोंड उघडत नाही. उघडलं तर समजावं, काहीतरी आहे. आणि काही वानर. वरून सगळं दिसतं, आरडाओरडा जोरात, पण शेपूट नेहमी स्वतःच्या फांदीला. "अन तुम्ही कोण भाऊ?" असं विचारलं तर भाऊ खर्रा दुसऱ्या गालात सरकवतात. "आमी अस्वल. आपल्या रस्त्यानं जातो."

एकदा आमच्या गाडीत नागपूरचे एक अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते. दूरवरून सांबराचा 'पोंक' आला. समोरून येणाऱ्या गाडीच्या गाइडने हात आडवा हलवला. म्हणजे काही नाही. आम्ही पुढे गेलो तर धुळीत पंज्याचे ठसे, ताजे, आणि त्यांच्यावर एकाही टायरचा माग नाही. म्हणजे ती गाडी गेल्यानंतर वाघ रस्ता ओलांडून गेला असणार. तो माणूस खरंच बोलला होता. भाऊंनी ठसे पाहिले, मान डोलावली आणि जाहीर केलं, "दोन दिवस याच्याशी बोलणं बंद."

प्राध्यापक चक्रावले. "अहो, त्याने लपवलं नाही हे तुम्हीच आत्ता पाहिलंत ना?"

"मले माहीत आहे जी. पण मले माहीत आहे हे त्याले माहीत नाही. अन बाकीच्या गाड्यांईले एवढंच दिसलं, का तो 'नाही' म्हनला अन तिथून वाघ गेला. आज सोडून देलं, तं उद्या एखादा खरंच लपवन अन म्हनन, भाऊ काही बोलत नाही."

प्राध्यापकांनी दुर्बीण खाली ठेवली. हेच, म्हणाले, एडवर्ड ग्रीन आणि रॉबर्ट पोर्टर यांनी 1984 मध्ये गणित मांडून दाखवलं. काही कंपन्या आतून ठरवून भाव चढा ठेवतात. एक दिवस भाव पडतो. मागणी घटली म्हणून पडला की कोणी गुपचूप जास्त माल ओतला म्हणून, हे कोणालाच दिसत नाही. फसवणूक कोणाच्याच हिताची नाही, सगळ्यांना मनातून ठाऊक आहे की कोणी फसवलेलं नाही. तरी काही काळ सगळे भाव पाडून भांडतात आणि मग पुन्हा गोडीने नांदू लागतात. कारण ती शिक्षा झाली नाही, तर पुढच्या खेपेला फसवणूक फायद्याची ठरेल. निर्दोष माणसाला मोजून शिक्षा करायची, ती दोषी कोणी होऊ नये म्हणून.

"मोजून," भाऊ म्हणाले. "दोन दिवस. तिसऱ्या दिवशी चहा मीच पाजतो."

मोजमाप विसरलं की काय होतं याचा नमुनाही गेटवर आहे. दोन गाइड एकमेकांशी कित्येक हंगाम बोलत नाहीत. सुरुवात कशी झाली? एकाने हात दाखवला, दुसऱ्याला उन्हात दिसला नाही. दुसऱ्या दिवशी दुसऱ्याने मुद्दाम सांगितलं नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशी पहिल्याने. दोघंही तत्त्वाचे पक्के: जशास तसे. प्राध्यापकांना पुन्हा चेव आला. मिशिगन विद्यापीठातल्या रॉबर्ट अ‍ॅक्सलरॉडने संगणकावर अशाच खेळाची स्पर्धा भरवली होती. मोठमोठ्या पंडितांनी कावेबाज डावपेच लिहून पाठवले आणि जिंकला तो अनातोल रॅपोपोर्टचा सगळ्यांत छोटा प्रोग्राम. आधी सहकार्य करा, मग समोरचा करील तसं करा. पण समोरच्याची चाल कधी कधी चुकीची दिसू लागली, की हेच दोन सज्जन एका गैरसमजापायी जन्मभर आलटून-पालटून एकमेकांना बदडत बसतात. पुढे मार्टिन नोवाक आणि कार्ल सिगमुंड यांनी 1992 मध्ये हिशेब मांडला: अ‍ॅक्सलरॉडच्या स्पर्धेतले गुण धरले, तर साधारण तीनांतला एक अपराध सोडून द्यावा.

भाऊंनी हे लक्षपूर्वक ऐकलं. "तीनात एक म्हनजे बरोबरच आहे. पन कोनता एक, थे सांगू नये."

या एका वाक्यावर प्राध्यापक पाच मिनिटं गप्प होते. कोणता अपराध माफ होणार हे आधी कळलं, तर लोक तेवढाच नेमका करतात.

मग प्राध्यापकांनी आपलं शेवटचं अस्त्र काढलं. पावसाळ्यात जंगल बंद होतं. हंगामाच्या शेवटच्या दिवशी उद्याची भीती नाही, तेव्हा सगळ्यांनी वाघ लपवायला हवा. शेवटच्या दिवशी लपवणारच असतील, तर आदल्या दिवशी सांगण्यात काय हशील? असं मागे मागे येत हंगामाच्या पहिल्याच दिवशी करार मोडायला हवा. भाऊ हसले. गोंदिया हा धानाचा जिल्हा. गेट बंद झालं की रोवणी लागते, आणि ज्याच्यापासून वाघ लपवला त्याच्याच घरची माणसं बांधीत शेजारी उभी असतात. रोवणी संपली की पोळा, दिवाळीनंतर मंडई, मंडईत रात्रभर नाटक, आणि नाटकाला शेजारच्या सतरंजीवर तोच माणूस. "आमचा शेवटचा दिवस येतच नाही जी. मयतीले बी तेच चार जन खांदा देतेत."

शेवटचा दिवस असतो तो फक्त पाहुण्यांचा. म्हणून सगळी लबाडी तिथूनच सुरू होते. वाघ दिसला रे दिसला, की कोणीतरी साहेब पुढे वाकतात आणि कुजबुजतात, "भाऊ, कोणाला सांगू नका हं, निवांत बघू द्या." वर नोट दाखवतात. भाऊ नोट नम्रपणे घेतात, खिशात घालतात आणि पुढच्या वळणावर येणाऱ्या गाडीला भुवई उडवतात. साहेबांना वाटतं, त्यांना माशी बसली.

इथे भाऊंची खरी कला कळते. भाऊ कधी खोटं बोलत नाहीत. फक्त उशिरा खरं बोलतात. वाघ समोर असेपर्यंत गाडी चुपचाप; वाघ उठून बांबूत शिरला, शेपटीचं टोक दिसेनासं झालं, की ते समोरच्या गाडीला मोठ्या मनाने हाका मारतात, "या, या, आत्ता होता!" समोरच्याच्या दृष्टीने भाऊंनी सांगितलं. किती मिनिटांनी सांगितलं हे मोजायला तिथे कोणी नव्हतं. करार पाळला आणि मोडला यांच्या मधली ही जागा भाऊंनी स्वतः शोधली आहे, आणि इतर कोणी ती वापरली तर त्यांना अजिबात खपत नाही.

"हा अप्रामाणिकपणा नाही का?" असं मी विचारलं, तर त्यांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. 2024 सरता सरता उमरेड-कऱ्हांडल्याच्या गोठणगाव भागात सगळ्यांनी सगळ्यांना तत्परतेने सांगितलं, आणि एफ-2 वाघीण तिच्या पाच पिल्लांसह दोन्ही बाजूंच्या जिप्सींमध्ये अडकली. चित्रफीत देशभर फिरली. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. "सांगाव," भाऊ म्हणाले, "पन बेतानं. आमचा उशीर वाघाले सोयीचा पडते." लबाडीला वाघाचा आधार देणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही, पण युक्तिवाद खोडताही आला नाही.

एवढं सगळं असूनही हा करार टिकला आहे, आणि त्याचं श्रेय भाऊंच्या संशयाला कमी, टपरीला जास्त आहे. जंगलात प्रत्येकाला वेगळं दिसतं: याला ठसा, त्याला धूळ, तिसऱ्याला सांबराचा आवाज. आपापलं गुपित घेऊन सगळे गेटवर येतात आणि चहाच्या एका कपात ते फुटतं. कोण कुठे होता, कोणाची गाडी किती वेळ थांबली, कोणाचे पाहुणे कॅमेऱ्यात डोकं घालून आले, हे सगळं दहा मिनिटांत जुळवलं जातं. कान्दोरी आणि मात्सुशिमा या जपानी अर्थतज्ज्ञांनी 1998 मध्ये हेच सिद्ध केलं होतं, की ज्याला जे दिसलं ते त्याने बोलून दाखवण्याची सोय असेल, तर आंधळ्या खेळातही सहकार्य टिकवता येतं. त्यांनी त्याला लांबलचक सूत्रं वापरली. इथे कटिंग चहा पुरतो, आणि त्याचे पैसे त्या दिवशी वाघ पाहिलेल्याने द्यायचे असतात. त्यामुळे लपवायचं आणखी एक कारण गाइडांना मिळालं आहे, हा भाग वेगळा.

तेव्हा नागझिऱ्याला जाल तेव्हा गाइडाच्या कानाशी लागून "कोणाला सांगू नका" असं म्हणू नका. तुम्हाला जो वाघ दिसतोय, तोही बहुतेक कोणीतरी सांगितला म्हणूनच दिसतोय. आणि फेरी संपल्यावर गेटवर खर्रा चघळणारं कोणी तुमच्याकडे टक लावून बघत असेल, तर राग मानू नका. तुमची साक्ष नोंदवली जात आहे.