दांडा एक, कामं दोन

माई, धूर तुमच्या कुरडयांवर आला का हो? मला वाटलंच. सांगितलं होतं ह्यांना, माईंचं वाळवण आत जाईपर्यंत किक मारू नका म्हणून. पण काल रात्री पिस्टन बसवलाय, आता सकाळपर्यंत दम कुठला निघतोय! पहिली काही मिनिटं असा धूर येणारच म्हणे. टू-स्ट्रोक ना ती. पेट्रोलमध्येच ऑइल घालायचं, लिटरमागे तीस-चाळीस मिली, आणि दोन्ही मिळून जळायचं. आणा ते ताट इकडे, वास लागलाय का बघते. नाही, नाही लागलेला. दोन कुरडया राहू द्या मात्र माझ्याकडे, तळून खात्री करते.

येझदीच, दुसरं काय असणार. रोडकिंग. माझ्याआधी ती ह्या घरात आली, हे सासूबाई मला मुद्दाम ऐकवायच्या. आणि आमच्या बाबांचं तर तिच्यामुळे स्थळच मोडायला निघालं होतं. मुलगा बँकेत आहे, निर्व्यसनी आहे, स्वतःची खोली आहे, पण मोटारसायकल! तेव्हा सरळ माणूस स्कूटर घ्यायचा. पुढे मूल उभं राहतं, मागे बायको बसते, स्टेपनी बरोबर असते, गॅसचा सिलिंडरसुद्धा येतो. फक्त चेतकचा नंबर लागायला वर्षानुवर्षं जायची. ह्यांना एवढा धीर नव्हता, एवढीच खरी गोष्ट. बाबांना मात्र वाटलं, मुलगा छंदीफंदी असणार. छंदी निघाला, ते खरंच.

तुम्ही तिचा तो दांडा कधी नीट पाहिलाय का? डाव्या पायाशी असतो तो. किक वेगळी आणि गिअर वेगळा असला प्रकारच नाही. दांडा आत दाबून वर फिरवला की किक, गाडी सुरू झाली की तोच पुढे पाडायचा, मग तो गिअर. माझा भाऊ बुलेटवाला. जुन्या बुलेटला गिअर उजव्या पायाशी आणि ब्रेक डाव्या. तो पहिल्यांदा आमच्या गाडीवर बसला, चौकात ब्रेक म्हणून डावा पाय दाबला आणि गाडी पडली गिअरमध्ये. समोर केळ्यांची हातगाडी. नाही, लागलं कुणाला नाही, पण डझनभर केळी घ्यावी लागली. मला मात्र तो दांडा कधी अवघड गेला नाही. हो मग, मी चालवलीय की! ह्याच गल्लीत, दुपारी सगळे झोपले की. तुम्हीही झोपलेल्या असायचात, म्हणून माहीत नाही.

आणि एक सांगते, साडी नेसून मागे बसायला त्या गाडीइतकी भरवशाची गाडी नव्हती. चेन पूर्ण पत्र्यात झाकलेली. राजदूतवर बसताना पदर, निऱ्या सगळं मुठीत धरून बसावं लागायचं. आमच्या चुलत सासऱ्यांची होती ना राजदूत. दुधाचे कॅन दोन्ही बाजूंना, मध्ये काका, आणि काकू जागा मिळेल तशा. त्या गाडीत मोडायला काही नव्हतंच, असं हे म्हणतात. पोलंडच्या गाडीवरून बनवलेली होती ती, खेड्यापाड्यातल्या वाटेवर दगडासारखी टिकायची. राजदूतवाल्यांचीच ती छोट्या चाकांची गाडी ‘बॉबी’त ऋषी कपूरकडे होती, १९७३ साली. मग तिचं नावच बॉबी पडलं. आमच्या कॉलेजातल्या एका मुलाकडे होती. नाव नाही सांगणार, त्याचे चिरंजीव आता आपल्या सोसायटीचे सेक्रेटरी आहेत.

कुठे होते मी? हां, आमचा पहिला प्रवास. महाबळेश्वर. कात्रजचा बोगदा, खंबाटकी, वाई, आणि मग पसरणीचा घाट. घाटाच्या मध्यावर पावसाची सर आली आणि गाडी बंद. ह्यांनी प्लग काढला, रुमालानं पुसला, चहाच्या टपरीवर शेगडीशी धरून शेकला, परत लावला. दुसऱ्या किकला सुरू! तो टपरीवाला, दोन एसटीचे ड्रायव्हर आणि मी, सगळे बघत उभे. ह्यांचा चेहरा काय सांगू. माई, मला तेव्हाच कळलं की ह्या माणसाला गाडी चालवण्यापेक्षा ती बंद पडण्यात जास्त रस आहे.

हसू नका. ह्या जुन्या गाड्यांचं सगळं प्रेम त्यात आहे, असं माझं मत झालंय. त्या काही फार चांगल्या गाड्या नव्हत्या हो. पेट्रोल प्यायच्या, लिटरला पंचवीस-तीस किलोमीटर म्हणजे डोक्यावरून पाणी. पॉइंटमधलं अंतर जरा चुकलं की अडखळायच्या. सायलेन्सरमध्ये कार्बन साचून आवाज बसायचा, मग आतली नळी काढून जाळावी लागायची. आमच्याकडे ती बंबाच्या विस्तवात जळायची, आणि त्या दिवशी आंघोळीच्या पाण्याला असा वास यायचा की सासूबाई तशाच पारोशा पूजेला बसायच्या. पण काय बिघडलंय ते कळायचं. उघडून बघता यायचं. दोन पाने, एक स्क्रू ड्रायव्हर, पॉलिश पेपरचा तुकडा आणि जास्तीचा प्लग, एवढं पेटीत असलं की माणूस घरी परत यायचा. आता आमच्या सुनेची स्कूटर बंद पडली तर ती बटण दाबते, दिवा लागत नाही, आणि फोन काढते. बिचारी करणार काय, आत सगळे सेन्सर.

तुमच्या भाऊजींची जावा होती ना? त्या वाईच्या वाड्यात? मरून रंगाची, टाकीला दोन्ही बाजूंनी क्रोम? तेच म्हणते. ती आणि ही एकाच कारखान्यातल्या. मैसूरला आयडियल जावा म्हणून कारखाना होता, १९६० साली काढलेला, रुस्तम इराणी आणि फारोख इराणी ह्यांनी. गाडी मूळची चेकोस्लोव्हाकियाची. आधी जावा म्हणूनच विकली, १९७३ पासून येझदी नाव लागलं. बायको तीच, सासरचं नाव बदललं, असं हे सगळ्यांना सांगतात. पन्नास वेळा ऐकलाय तो विनोद. भाऊजींच्या गाडीची किल्ली आठवते का? किल्ली कसली, खिळाच तो. हेडलाइटवर खुपसायचा. एकाच्या जावाचा खिळा दुसऱ्याच्या जावाला सहज चालायचा. चोरीची भीती नव्हती म्हणा, चोरून नेणार कोण, किक सगळ्यांना थोडीच जमायची.

मग १९८५ मध्ये ती हीरो होंडा सीडी हंड्रेड आली. शंभर सीसीची, फोर-स्ट्रोक, ऑइल मिसळायची भानगड नाही, आणि ॲव्हरेज असं की ह्यांच्या बँकेतल्या अर्ध्या लोकांनी येझदी काढून टाकल्या. त्याच साली यामाहाची आरएक्स हंड्रेडही आली, पोरं तिच्यामागे गेली. धुराचे नियम कडक होत गेले ते वेगळंच. १९९६ ला मैसूरचा कारखाना बंद झाला. त्या दिवसांत हे दोन दिवस धड जेवले नव्हते. मी म्हटलं, अहो, कारखाना बंद झालाय, आपली गाडी नाही. तर म्हणाले, आता पार्ट कुठून आणायचे?

तेव्हापासून सुरू झालं ते हे. बुधवारी आणि रविवारी जुना बाजार. अधल्यामधल्या दिवशी नाना पेठ. कुणाच्या दुकानात माळ्यावर न उघडलेल्या डब्यात क्रँकची ऑइल सील मिळाली, तर त्या दिवशी घरात श्रीखंड. माझ्या मसाल्याच्या डब्यात नट-बोल्ट गेले ते तेव्हाच. हळदीच्या वाटीत वॉशर, मोहरीच्या वाटीत कॉटर पिना. मीच लावते हो ते, ह्यांना बारकं दिसत नाही आता. गॅरेजातला सहा नंबरचा पाना कोणता आणि आठचा कोणता, हे मला अंधारात कळतं.

पण त्या कोपऱ्यावरच्या बंगल्यात चाललंय ते मात्र मला पटत नाही. कळलं का तुम्हाला? जुनी बुलेट विकत घेतली, ती कुणाला तरी ‘करायला’ दिली. जिथे पत्रा होता तिथे क्रोम, जिथे रंग होता तिथे पावडर कोटिंग, टाकीवरची सोनेरी रेघसुद्धा स्टिकरची. पूर्वी ती रेघ पेंटर एका दमात हातानं ओढायचा. आणि आता ती दिवाणखान्यात उभी आहे, काचेच्या टेबलाशेजारी. टाकीत पेट्रोल नाही! पाहुणे आले की फोटो. मी गेले होते हळदीकुंकवाला, तर तिथली बाई म्हणाली, हात नका लावू, डाग पडतात. अहो, बुलेट ती. लष्करासाठी १९५० च्या दशकात आणलेली गाडी, डोंगरात गस्त घालायला. तिला बोटाचे डाग पडतात?

शिवाय ह्यांचा संशय असा की चेसिस एकाची, इंजिन दुसऱ्याचं आणि कागद तिसऱ्याचे. असं फार चालतं हो आता. भाव चढलेत ना. आरएक्स हंड्रेड लाखाच्या पुढे मागतात, आणि त्या दोन सिलिंडरच्या राजदूत तीनशे पन्नासचं तर विचारूच नका. तेव्हा १९८३ साली आली तर पेट्रोलच्या खर्चानं लोक घाबरले होते तिला. म्हणून घेण्याआधी इंजिनावरचा आणि चेसिसवरचा नंबर कागदाशी ताडून बघायचा. ताजा घासलेला दिसला की हात जोडून निघायचं.

नवी जावा पाहिली ना आम्ही. २०१८ ला परत आली ती, मग २०२२ ला येझदी. भाच्यानं घेतलीय. छान आहे, बटण दाबलं की सुरू. हे खाली वाकून बराच वेळ डाव्या बाजूला बघत होते. भाचा म्हणाला, मामा काय शोधताय? किक. नाहीच तिला. मग फार बोलले नाहीत हे, चहा घेतला आणि आलो घरी.

आता मुद्द्याचं. सरकारनं २०२१ मध्ये नियम केलाय, पन्नास वर्षं झालेल्या गाडीची व्हिंटेज म्हणून नोंद करता येते. आमची अजून पन्नाशीला पोचायची आहे. भाऊजींची जावा मात्र साठच्या दशकातली, ती कधीच बसली त्यात. पण घाई नका करू. नव्यानं नोंद करायला वीस हजार लागतात, आणि एकदा व्हिंटेज झाली की ती रोज रस्त्यावर काढता येत नाही. प्रदर्शनाला न्या, रॅलीला न्या, पेट्रोल भरायला नि दुरुस्तीला न्या, झालं. भाजी आणायला नाही. मला विचाराल तर नोंदणीचं साधं नूतनीकरण करावं, जुना तीन अक्षरांचा नंबर तसाच ठेवावा आणि गाडी चालवावी.

गंजली असेल म्हणता? गंजू दे. पत्र्याला उपाय आहे. इंजिन जाम असेल तर प्लग काढून आत डिझेल सोडून ठेवायचं आठवडाभर, लाथा घालायच्या नाहीत, तेवढं मुलांना सांगा. सीट उंदरांनी खाल्ली असेल, ती नवी शिवून मिळते. पण वायर, दिवा, टाकीचं झाकण, दोन्ही बाजूंच्या पेट्या, त्यातला गंजका पानासुद्धा कुणी काढून टाकू नका. तेच मिळत नाही. आणि रंग तर मुळीच लावून घेऊ नका आत्ता.

वाडा रिकामा करताय ना ह्या महिन्यात? भाऊजींची ट्रंक आधी बघा, त्यात आरसी बुक असेल, जुनं, खाकी पुठ्ठ्याचं. ते सापडेपर्यंत भंगारवाल्याला दारात उभं करू नका. तो किलोवर तोलून नेईल. सापडलं की मला हाक मारा, रविवारी टेंपो घेऊन आम्ही दोघं येतो.