नाण्यांचे गणित घालणारे काका

नाण्यांचे गणित घालणारे काका हा नमुना मुख्यतः लग्नघरात, गणपतीच्या दिवसांत आणि लांब पल्ल्याच्या रेल्वेगाडीत आढळतो. आठवी ते दहावीतले मूल दिसले की तो आधी इयत्ता विचारतो, मग मागच्या परीक्षेतले गुण, आणि गुण काहीही असले तरी गणित घालतो. मुलाच्या तोंडात पेढा असणे ही सबब चालत नाही.

पहिले गणित सौम्य असते. एका डब्यात २ आणि ५ रुपयांची नाणी ३:४ या प्रमाणात आहेत, एकूण रक्कम १८२ रुपये. तर कोणती नाणी किती? ज्याने प्रमाण काढले आणि रक्कमही काढली, त्याने नाणी मात्र का मोजली नाहीत, हा प्रश्न काकांपुढे काढू नये. दोनाची नाणी क्ष, पाचाची य मानायची. प्रमाणावरून ४क्ष = ३य, रकमेवरून २क्ष + ५य = १८२. दुसऱ्याला दोनाने गुणले की ४क्ष + १०य = ३६४; त्यात ४क्ष च्या जागी ३य घातले की १३य = ३६४, म्हणून य २८ आणि क्ष २१. ताळा: ४२ अधिक १४० बरोबर १८२. ताळ्याला काका स्वतः मान डोलावतात.

एवढ्यात काकू आतून उत्तर सांगतात. तीन दोनाची नि चार पाचाची मिळून २६ रुपयांची एक जुडी, १८२ मध्ये अशा ७ जुड्या; सात त्रिक एकवीस, सात चोक अठ्ठावीस. काका उत्तर मान्य करतात, रीत नाही. परीक्षेत पायऱ्यांना गुण असतात असे त्यांचे म्हणणे. वास्तविक काकूंचीच बाजू बळकट आहे. प्रमाण एकदा दिले की अज्ञात राशी एकच उरते, ती म्हणजे जुड्यांची संख्या. तिच्यासाठी क्ष आणि य अशा दोघांना बोलावणे हा निव्वळ मानपान होय.

म्हणून काका प्रमाण बिघडवतात. त्याच डब्यात दोनाची ७ नाणी टाकली, पाचाची ८ काढली, आता प्रमाण ७:५. रक्कम मात्र सांगणार नाही. येथे समीकरण ५(क्ष + ७) = ७(य − ८) असे होते, आणि काका ज्याची वाट पाहत असतात ते घडते. मूल सात ही संख्या य पर्यंत नेते, आठापर्यंत नेत नाही. ५६ च्या जागी ८ च राहतात. मग जुड्या येतात ३ पूर्णांक ४ तेरांश. ‘नाणे करवतीने कापलेस काय?’ हा काकांचा ठरलेला विनोद. कंस नीट सोडवला की जुड्या पुन्हा ७ च निघतात. काकू तोवर पोळ्यांकडे वळलेल्या असतात, त्यामुळे हा विजय निर्विवाद ठरतो.

वयस्क काकांच्या गणितात रुपया, अधेली, पावली अशी तीन नाणी असतात. २५ पैशांचे नाणे २०११ च्या जूनअखेर चलनातून बाद झाले, पण या गणितांत ते अजून खणखणते. दोन चलांनी भागत नसेल तर हे काका भास्कराचार्यांचा आधार घेतात. त्यांच्या बीजगणितात अज्ञात राशींना यावत्तावत्, कालक, नीलक अशी नावे आहेत. तरुण काका क्रेमरची रीत आणि निश्चयक काढतात. मुलाचा चेहरा दोन्ही वेळी सारखाच दिसतो.

खऱ्या चिल्लरीशी काकांचा संबंध फारसा येत नाही. दुकानदाराने रुपयाऐवजी गोळी दिली तर ते मुकाट्याने खिशात टाकतात. एरवी तो संबंध सोसायटीच्या गणपतीत येतो, कारण वर्गणीची पेटी उघडताना गणितातला माणूस म्हणून त्यांनाच बोलावतात. काका सतरंजीवर बसतात, वही उघडतात, क्ष आणि य लिहितात आणि खजिनदारांना म्हणतात, ‘एकूण नाणी किती नि एकूण रुपये किती, एवढेच सांगा, बाकीचे मी पाहतो.’ तेवढ्यासाठीच तुम्हाला बोलावले आहे, असे खजिनदार सांगतात.