सर्वांत कनिष्ठ लिपिक

नातू दहावीला आहे. परवा इंग्रजीची वही घेऊन आला. प्रश्न होता ‘चेंज द डिग्री’. मुंबई महाराष्ट्रातलं सर्वांत मोठं शहर, ही जगजाहीर गोष्ट तीन तऱ्हांनी सांगायची: ‘द बिगेस्ट’, ‘बिगर दॅन एनी अदर’ आणि ‘नो अदर सिटी इज ॲज बिग ॲज’. शहर इंचभर वाढत नाही, गुण मात्र मिळतात.

मीही हौसेने उदाहरण दिलं, ‘‘आय वॉज सीनियर दॅन हिम.’’

‘‘आजोबा, चुकलं. सीनियरला दॅन नाही, टू लागतं.’’

पस्तीस वर्षं कचेरीत सीनियॉरिटीवरून भांडलो, तेही चुकीचं अव्यय लावून. तरीच बढती लांबली!

सीनियर, ज्युनियर हे शब्द इंग्रजीने लॅटिनमधून आयते उचललेत आणि तिथे ती मुळातच तुलनेची रूपं. सीनियर म्हणजे दोघांतला थोरला, ज्युनियर म्हणजे धाकटा. साहेबाचा दावा एवढाच. आम्ही त्याचं मराठी केलं वरिष्ठ आणि कनिष्ठ. आता संस्कृतात शेवटी ‘इष्ठ’ आलं की पुढे रस्ता संपला. कनिष्ठ म्हणजे सर्वांत लहान. मी कनिष्ठ लिपिक म्हणून लागलो, म्हणजे त्रिभुवनात माझ्याखाली लिपिक नाही. माझ्या रांगेत असे नऊ सर्वांत लहान बसत. अकरा वर्षांनी एका आदेशासरशी मी एकदम सर्वांत थोर झालो. मधल्या काळात नुसतं ‘जरा बरा’ लिपिक व्हायची सोय नव्हती.

‘हायर सेकंडरी’चं मात्र उलटं झालं. हिंदीवाल्यांनी इमानाने ‘उच्चतर’ केलं; आम्ही ‘तर’ गाळून नुसतं उच्च माध्यमिक ठेवलं. आणि हे उच्च शिकायचं कुठे? कनिष्ठ महाविद्यालयात! आमच्या सरकारी मराठीला एक तर साधं चालतं, नाही तर थेट कळस. ‘पेक्षा’ म्हटलं की कोणापेक्षा ते सांगावं लागतं, आणि कोणाचं नाव घ्यायचं म्हणजे फाइल अडकली.

अर्थात कळसावर कळस चढवायची हौस जुनी आहे. यजुर्वेदात ‘श्रेष्ठतम’ आहे, म्हणजे ‘इष्ठ’वर आणखी ‘तम’. शेक्सपिअरने ‘ज्युलियस सीझर’मध्ये अँटनीच्या तोंडी एकाच विशेषणाला ‘मोस्ट’ही लावलंय आणि ‘एस्ट’ही. नातवाने लावलं असतं तर गुण गेला असता. त्या मानाने चौकातल्या फ्लेक्सवरचा ‘सर्वांत सर्वोत्तम’ भाऊ अगदीच खानदानी.

ज्येष्ठ हा शब्दही त्याच घराण्यातला. अर्थ सर्वांत थोरला. खरं तर घरात एकच असावा. एसटीत तो पासष्टी गाठलेल्या प्रत्येकाला अर्ध्या तिकिटासह मिळतो. २०२२ मध्ये पंचाहत्तरीवाल्यांना तिकीटच माफ झालं, तेव्हा पंचाईत आली: सर्वांत थोरल्याहून थोरल्याला म्हणायचं काय? शासनाने व्याकरणाचा नाद सोडला आणि थेट समुद्रमंथनातला शब्द काढला, ‘अमृत ज्येष्ठ नागरिक’.

गेल्या आठवड्यात एसटीत ज्येष्ठांच्या राखीव बाकावर दोन सर्वांत थोरले बसलेले, तिसरा दांडी धरून उभा. शेवटी तो कडेच्याला म्हणाला, ‘‘उठा, मी तुमच्यापेक्षा मोठा दिसतोय.’’

‘पेक्षा’! माझे कान टवकारले.

‘‘दिसण्यावर काय आहे? कार्ड काढा.’’

दोघांनी आधार कार्डं काढून कंडक्टरच्या हातात दिली. त्याने चष्मा वर सारून दोन्ही वाचली, उलटून पाहिली, परत केली.

‘‘दोघंही एक जून पंचावन्न. गुरुजी एकच होते का तुमचे?’’