पहिलं लिनक्स कसं निवडावं: नवशिक्यांसाठी सात पायऱ्या

विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, विंडोज ११ च्या अटींत घरचा लॅपटॉप बसला नाही, आणि तो भंगारात द्यायला जीव होत नाही, म्हणून तुम्ही लिनक्सकडे वळलात. अभिनंदन. ते लॅपटॉपवर टाकायला फार वेळ लागत नाही. त्याआधी फक्त कोणतं लिनक्स ते ठरवायचं आहे. काही मंडळी हे १९९३ पासून ठरवत आहेत.

साहित्य: एक जुना लॅपटॉप, ८ जीबीचा पेनड्राइव्ह, महत्त्वाच्या फायलींची दुसरीकडे ठेवलेली प्रत आणि कोणतंही मत नसलेलं मन. यातली शेवटची वस्तू पहिल्याच पायरीत संपते, तेव्हा जपून वापरा.

पायरी १: जाणकाराला एकट्याला गाठा
दोन जाणकार एकत्र बसलेले असताना “कोणतं लिनक्स घेऊ?” असं चुकूनही विचारू नका. पाच मिनिटांत प्रश्न तुमचा राहत नाही. विचारून बसलाच असाल, तर उठून चहा टाका. तुम्ही उठल्याचं कुणाच्या लक्षात येणार नाही.

पायरी २: कुळ समजून घ्या
लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिहायला घेतलेलं कर्नल, म्हणजे आतला गाभा, सगळ्यांचं एकच. त्याभोवती प्रोग्रॅम, डेस्कटॉप आणि अपडेटची सोय रचून जे पॅकेज तयार होतं, ती डिस्ट्रो. स्लॅकवेअर आणि डेबियन १९९३ चे. उबुंटू २००४ मध्ये डेबियनवरून निघालं, मिंट २००६ मध्ये आलं आणि उबुंटूवर उभं राहिलं. शिवाय उद्या उबुंटू नसलंच तर अडायला नको, म्हणून मिंट थेट डेबियनवर बेतलेली एक आवृत्तीही काढतं. बापाचा भरवसा नाही म्हणून नातवाने आजोबांकडे परस्पर संधान बांधावं, तसं हे आहे.

पायरी ३: सल्लागार ओळखा
मिंटवाला म्हणतो, “मिंट टाक आणि विसरून जा.” सल्ला बरोबर असतो, पण त्यात चर्चेला वाव नसल्याने बैठकीत त्याला किंमत नाही.
डेबियनवाल्याला घाई नसते. त्याची नवी आवृत्ती साधारण दोन वर्षांनी येते आणि तिला ‘टॉय स्टोरी’तल्या पात्राचं नाव असतं. आतले प्रोग्रॅम जुने आहेत असं म्हटलंत, तर तो “तपासलेले आहेत” अशी दुरुस्ती करतो.
आर्चवाल्याकडे आवृत्ती हा प्रकारच नाही. अपडेट अखंड येत राहतात. पूर्वी आर्च टाकायचं म्हणजे एकेक कमांड हाताने द्यावी लागे. २०२१ पासून सोबत इन्स्टॉलर मिळतो, पण तो वापरणाऱ्याला जुने आर्चवाले पंगतीला घेत नाहीत. त्यांची विकी मात्र विरोधकही गुपचूप वाचतात.
जेंटूवाला प्रोग्रॅम मूळ कोडपासून आपल्याच मशिनवर बांधून घेतो. ब्राउझर हवा असेल तर रात्री लावून झोपायचं.
फेडोरावाला सांगतो, की खुद्द टोरवाल्ड्स फेडोरा वापरतात. खरं आहे, ते त्यांनीच सांगितलंय. तरी “त्यांना डेस्कटॉपमधलं काय कळतं?” असं विचारणारा तिथेच बसलेला असतो.

पायरी ४: जुनी भांडणं तोंडपाठ करा
संगणक सुरू होताना कुणी कुणाला उठवायचं, हे काम बहुतेक डिस्ट्रोंत सिस्टिमडीकडे असतं. ते २०१० मध्ये आलं, २०१४ मध्ये डेबियनने स्वीकारलं आणि त्यावरून रुसलेल्यांनी डेव्हुआन नावाची वेगळी चूल मांडली. प्रोग्रॅम टाकायची उबुंटूची स्वतःची सोय, म्हणजे स्नॅप, २०२० मध्ये मिंटने दारातच अडवली. सगळ्यात मुरलेला वाद डेस्कटॉपचा. केडीई १९९६ मध्ये सुरू झालं. ते क्यूटी नावाच्या ज्या प्रोग्रॅम-लायब्ररीवर बांधलं होतं, तिचा परवाना पुरेसा मुक्त नाही म्हणून १९९७ मध्ये ग्नोम सुरू झालं. २००० मध्ये क्यूटी जीपीएल या मुक्त परवान्याखाली आली आणि आक्षेपाचं कारण मिटलं. भांडण चालू आहे.
या पायरीचा लॅपटॉपला काही उपयोग नाही. चहा घेऊन परत बसल्यावर मान कुठे डोलवायची, ते मात्र कळतं.

पायरी ५: पेनड्राइव्हवरून चालवून बघा
बहुतेक डिस्ट्रो इन्स्टॉल न करता पेनड्राइव्हवरून चालवता येतात, हे चर्चेच्या भरात कुणी सांगत नाही. वायफाय लागतं का, आवाज येतो का, झाकण मिटून उघडल्यावर लॅपटॉप जागा होतो का, प्रिंटर सापडतो का, एवढं बघा. कळफलकात मराठी जोडून ‘दऱ्याखोऱ्या’ लिहा. दोन्ही ‘ऱ्या’ नीट उमटले तर पुढे चला. फायरफॉक्स आणि लिबरऑफिस सगळीकडे तेच आहेत. फरक पडतो तो मुख्यतः अपडेट किती वेगाने येतात, प्रोग्रॅम कोणत्या कमांडने टाकायचे आणि आधीपासून कोणता डेस्कटॉप दिलाय, यात.

पायरी ६: डिस्ट्रो नव्हे, माणूस निवडा
एखाद्या अपडेटनंतर कधीतरी पडदा काळा राहील. तेव्हा फोन उचलणारा आणि जमलं तर घरी येणारा माणूस कोण, ते आजच ठरवा. तो जे वापरतो, तेच टाका. तो दर महिन्याला डिस्ट्रो बदलणारा असेल, तर दुसरा माणूस शोधा. कुणीच नसेल तर मिंट किंवा उबुंटू घ्या. ती इतक्यांनी वापरली आहेत, की तुमची अडचण आधी कुणालातरी आलेली असते आणि उत्तरही लिहून ठेवलेलं असतं. घेतल्यावर सहा महिने बदलू नका. दुसरी एखादी किती देखणी दिसते, हे सांगायला लोक येतील. त्यांना लॅपटॉपला हात लावू देऊ नका.

पायरी ७: काम करा
वीजबिल भरा, मुलीचा प्रकल्प छापा, सिनेमा बघा. ही पायरी अनेक जुन्या जाणकारांनी अजून गाठलेली नाही. त्यांनी विचारलं, तर मदत करा.