वायसरकाका

इंग्रजीत ज्याला वॉशर म्हणतात, त्याला हार्डवेअरच्या दुकानात ‘वायसर’ म्हणायचं असतं. वॉशर म्हटलंत की तुम्ही नुसते गिऱ्हाईक. वायसर म्हटलंत की जाणकार, आणि भावात दोन रुपयांचा फरक पडतो. हा शब्द जिभेला अजिबात त्रास न देता उच्चारणारा एक गृहस्थ पुण्यातल्या प्रत्येक सोसायटीत असतो. त्याचं खरं नाव मेंटेनन्सच्या पावतीवर असतं; जिन्यात तो वायसरकाका. साठी उलटलेली, चड्डी गुडघ्यापर्यंत, आणि हातात एकेकाळी बिस्किटांचा असलेला पत्र्याचा डबा. त्यात पाना, पक्कड, करवतीच्या पात्याचा तुकडा, पांढऱ्या टेपची रिळं, अर्धवट वापरलेलं एम-सील आणि गेल्या तीस वर्षांत निकामी झालेल्या प्रत्येक नळाचा एखादा तरी अवयव. दुसऱ्याच्या घरी गेल्यावर माणसं सोफा पाहतात, पडदे पाहतात. वायसरकाका ‘जरा हात धुऊन येतो’ म्हणून आत जातात आणि निदान घेऊन बाहेर येतात. सत्यनारायणाच्या पूजेला गेले तरी तीर्थ घेताना त्यांचा कान मोरीकडे असतो. यावर सोसायटीचं मत एकच आणि जुनं आहे: म्हातारा चिकट आहे.

या आरोपाची नीट तपासणी कुणी केलेली नाही, आणि सगळी गंमत तिथेच आहे. चिकट माणसाची पहिली अट अशी, की वाचवलेला पैसा त्याच्याच खिशात परत यायला हवा. पुण्यात घरगुती पाणीपट्टी मिळकतकराच्या बिलातच येते. नळ किती वेळ सोडला याच्याशी तिला सोयरसुतक नसतं. बहुतेक जुन्या सोसायट्यांत घरागणिक मीटर नाही. उरतो टँकर, आणि त्याचा खर्च सगळ्यांत सारखा वाटला जातो. चाळीस घरांची सोसायटी धरू, दहा हजार लिटरचा टँकर हजार रुपयांना धरू. काकांनी कुणाचा तरी गळका फ्लश दुरुस्त करून महिन्याला चार हजार तीनशे लिटर पाणी वाचवलं, तर सोसायटीचे चारशे तीस रुपये वाचले. त्याला चाळिसाने भागा. काकांच्या वाट्याला आले पावणेअकरा रुपये. यात अमृततुल्यचा फार तर एक कप चहा येईल, आणि फ्लशचा रबरी वायसर तर त्यांनी स्वतःच्या डब्यातून घातलेला असतो. उरलेले चारशे एकोणीस रुपये ज्यांच्या खिशात गेले, तेच एकोणचाळीस लोक त्यांना चिकट म्हणतात. अशा व्यवहाराला मराठीत दुसरा शब्द आहे. तो दात्यांच्या नावाची संगमरवरी पाटी लावताना वापरतात.

आता कुणी म्हणेल, पैसा नसेल वाचत, पण टपटपणाऱ्या थेंबामागे एवढं धावायचं म्हणजे विक्षिप्तपणाच. या आक्षेपात तथ्य आहे, आणि ते काकांइतकं कुणालाच ठाऊक नाही. एका मिलीला साधारण वीस थेंब असा औषधाचा हिशेब असतो. नळ सेकंदाला एक थेंब टाकत असेल तर दिवसाला ८६,४०० थेंब, म्हणजे ४.३ लिटर. नळाचा थेंब औषधाच्या थेंबापेक्षा गलेलठ्ठ असतो म्हणून दुप्पट धरा, तरी एक बादली भरत नाही. थेंब बदनाम झाला तो आवाजामुळे. रात्री दोन वाजता झोपमोड करतो म्हणून तो पकडला जातो. खरा चोर कधी आवाज करत नाही. मिनिटाला शंभर लिटर चढवणारा पंप वॉचमनच्या डुलकीत दहा मिनिटं जास्त चालला, की गच्चीवरून हजार लिटर पाणी गेलं, म्हणजे तो बिचारा नळ जवळजवळ चार महिने टपटपल्याइतकं. आणि सगळ्यांत सोज्वळ चोर संडासात बसलेला असतो. फ्लशच्या टाकीच्या तळाचा रबर झिजला, की पाणी कमोडच्या भिंतीला चिकटून खाली उतरतं. आवाज नाही, ओघळ दिसत नाही, भांडं पांढरं आणि पाणीही बिनरंगी. मिनिटाला शंभर मिली, म्हणजे कटिंग चहाच्या ग्लासभर पाणी असं गेलं, तर दिवसाला १४४ लिटर होतात. शहरात माणशी १३५ लिटर पाणी रोज पुरेसं, असं आपल्याकडचं सरकारी मानक आहे. तेव्हा ज्या घरात फ्लश गळतो त्या घरात एक अदृश्य पाहुणा राहतो आहे असं समजावं. तो जेवत नाही, टीव्ही लावत नाही, त्याचं नाव रेशन कार्डावर नाही. पण त्याची आंघोळ, धुणं, भांडी सगळं रीतसर चालू आहे, आणि वर नऊ लिटर जास्त.

या पाहुण्याला पकडायची काकांची रीत बघण्यासारखी असते. डब्यातून जिलबीच्या रंगाची पुडी निघते. टाकीचं झाकण ते दोन्ही हातांनी उचलतात आणि जमिनीवर कधीच ठेवत नाहीत, कारण चिनी मातीचं झाकण फुटलं तर तेवढंच विकत मिळत नाही. चिमूटभर रंग टाकीत पडतो, पाणी केशरी होतं. मग घरातल्या सगळ्यांना वीस मिनिटं संडासाला जायची बंदी. सकाळच्या वेळी हा प्रयोग मांडल्याने त्यांनी काही घरांशी कायमचं वैर घेतलेलं असतं. वीस मिनिटांनी भांड्यात केशरी झाक दिसली, की काका काही बोलत नाहीत. नुसतं बोट दाखवतात. यानंतर यजमान ‘अहो, पण इतकी वर्षं काही झालं नाही’ असं म्हणतो. इतकी वर्षं तेच झालेलं असतं.

वायसरचंही तसंच. जुन्या पद्धतीच्या नळात फिरकीच्या टोकाला रबराची चकती असते. आठ आण्याच्या नाण्याहून लहान. नळ बंद करताना ती पितळी कडेवर बसते आणि पाणी अडतं. गळायला लागलेल्या नळातून ती काढून तळहातावर घ्या. मधोमध कडेचा गोल वळ उठलेला दिसेल. हा वळ वयामुळे कमी आणि मनगटामुळे जास्त उठतो. नळ गळला की घरातला बलदंड माणूस तो आवळतो. रबर आणखी कापलं जातं, नळ आणखी गळतो, माणूस आणखी आवळतो. शेवटी फिरकीचे आटे जातात आणि प्लंबर येऊन ‘साहेब, अख्खा नळच बदलावा लागेल’ हे आपलं आवडतं वाक्य म्हणतो. काकांचं सगळं तत्त्वज्ञान एका सूचनेत मावतं: अडेल इथपर्यंतच फिरवा, वर एक बोट नको. ही सूचना ते सुनांना, जावयांना आणि लिफ्ट दुरुस्त करायला आलेल्या पोरालाही सांगतात. लिफ्टला नळ नसतो, हे त्या पोराने सांगायचं धाडस अजून केलेलं नाही.

सगळ्यांत वजनदार आक्षेप मात्र शिकलेले लोक घेतात. महाराष्ट्राचं पाणी उसाने प्यायलं, शहराचं अर्धंमुर्धं जमिनीखालच्या जुन्या पाइपांनी. तिथे एका म्हाताऱ्याच्या रबरी चकतीने काय होणार? आक्षेप खोटा नाही. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर ही चार धरणं मिळून साधारण २९ टीएमसीची. त्यातूनच पुणं पितं आणि त्यातूनच कालव्याने दौंड-इंदापूरची शेती भिजते. म्हणून तर कालवा समितीच्या बैठकीत दरवर्षी आवाज चढतात. एक टीएमसी म्हणजे साधारण २,८३२ कोटी लिटर. आपला अदृश्य पाहुणा वर्षाला बावन्न हजार लिटर पितो. एक टीएमसी वाचवायला असे साडेपाच लाख कमोड दुरुस्त करावे लागतील. पुण्यात तेवढे कमोड नक्की आहेत. ते सगळे गळत नसावेत, एवढीच आशा. तेव्हा धरणाच्या हिशेबात काका नगण्य आहेत हे मान्य. पण टँकरच्या हिशेबात ते नगण्य नाहीत, आणि एप्रिल-मे महिन्यात सोसायटी धरणावर जगत नाही, टँकरवर जगते. दुसरं असं, की ‘ऊस बघा आधी’ म्हणणाऱ्याने आजवर ना ऊस उपटला आहे, ना वायसर बदलला आहे. मोठ्या गळतीकडे बोट दाखवलं की हात मोकळा राहत नाही आणि लहान गळती तशीच राहते, ही सोय फार जुनी आहे. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची पहिली रेल्वे गेली, तिच्या दहा वाघिणींत मिळून साधारण पाच लाख लिटर पाणी होतं. आपले दहा पाहुणे तेवढं पाणी एका वर्षात पितात. या आकड्याने लातूरची तहान भागत नाही, कारण पुण्याच्या कमोडातलं पाणी लातूरला जात नाही. पण पाच लाख लिटरसाठी रेल्वे लागते, एवढं त्यातून कळतं.

काकांचे दोष लपवायचं कारण नाही. अर्ध्या ग्लासाच्या बाबतीत ते साफ चुकतात. पाहुण्याला अर्धा ग्लास पाणी देऊन शंभर मिली वाचतात आणि माणूस दुखावतो. काकू स्वयंपाकघरातून ‘अहो, पाणी तरी पुरतं द्या हो’ म्हणतात तेव्हा हिशेबाने आणि रिवाजाने त्याच बरोबर असतात. जुन्या दहा-बारा लिटरच्या टाकीत काकांनी एकेकाळी वीट टाकायला सांगितली होती. वीट विरघळली आणि तिच्या चुऱ्याने रबर नीट बसेना. आता ते पाण्याने भरलेली, बूच घट्ट लावलेली लिटरची बाटली सांगतात, आणि तीन-सहा लिटरच्या दोन बटणांच्या फ्लशमध्ये तीही नको म्हणतात. चूक कबूल न करता सुधारायची ही पद्धत सरकारलाही जमलेली नाही. आरओच्या मशीनबद्दलही ते टोकाला जातात, पण बाजू त्यांचीच खरी: घरगुती मशीन एक लिटर गोड पाण्यामागे साधारण तीन लिटर मोरीत सोडतं, आणि पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, म्हणजे टीडीएस, पाचशेच्या खाली असेल तिथे आरओ नको, असं राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्येच म्हटलं आहे. धरणाचं मऊ पाणी पिणाऱ्या घरात ते मशीन मुख्यतः भिंतीची शोभा वाढवतं. काकांनी त्याची नळी बादलीत सोडायला लावली आणि फरशी त्या पाण्याने पुसली जाऊ लागली, याबद्दल त्यांच्यावर चिडणारे लोक बहुधा मशीनच्या किमतीवर चिडलेले असतात.

मे महिना संपत आला की काका गच्चीवर दिसतात. पन्हाळीतली पानं, कबुतरांची पिसं, कुणाचा तरी पतंग काढायचा. पाणी उतरायच्या जाळ्या मोकळ्या करायच्या. त्या तुंबल्या की गच्चीवर तळं साचतं, कोब्याच्या भेगांतून वरच्या मजल्याच्या छताला ओल येते, रंगाचे पापुद्रे सुटतात, आणि ऑगस्टच्या मीटिंगमध्ये वॉटरप्रूफिंगचं लाखांतलं कोटेशन वाचलं जातं. शंभर चौरस मीटर गच्चीवर एक मिलिमीटर पाऊस पडला तर शंभर लिटर पाणी होतं. पुण्यात वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास पडतो, म्हणजे सत्तर हजार लिटर; ते जाळीतून बोअरकडे जाणार की छतातून दिवाणखान्यात, एवढाच प्रश्न. काका हे दरवर्षी सांगतात. मीटिंगमध्ये त्यावर ‘नोंद घेतली’ असं लिहितात.

आता पाव वळशात बंद होणारे नळ आले आहेत. त्यांच्या पोटात चिनी मातीच्या दोन चकत्या असतात, झिजणारा रबरी वायसर नाही. हे नळ वर्षानुवर्षं गळत नाहीत, आणि वायसरकाका त्यांच्याकडे जुन्या टांगेवाल्याने रिक्षाकडे पाहावं तसं पाहतात. पण फ्लशच्या टाकीत अजून रबरच आहे. जिलबीचा रंग कुठल्याही वाण्याकडे मिळतो. चिमूटभर टाका, वीस मिनिटं थांबा, सकाळची वेळ टाळा. भांड्यात केशरी उतरलंच, तर काकांची बेल वाजवा. वायसरचे पैसे ते घेणार नाहीत, मात्र जाताना तुमच्या स्वयंपाकघरातला नळही बघून जातील.